डोक्यास मार लागल्यानंतर येणारी भीति



डोक्यास मार लागणें ही गोष्ट आपल्या गांवांत नवी नाहीं. कोणी आंब्याच्या झाडावरून पडतो, कोणाचा पाय विहिरीच्या पायरीवरून घसरतो, कोणास बैल उडवितो, आणि मोटारसायकली गांवोगांव झाल्यापासून तर रस्त्यावर आपटलेल्या तरुणांची गणतीच नाहीं. अशा मनुष्यास दवाखान्यांत नेतात. डॉक्टर त्यास तपासतात, जरूर वाटल्यास सी.टी. स्कॅन करवितात, आणि सांगतात कीं, कवटी फुटलेली नाहीं, आंत रक्त सांचलेलें नाहीं, यास घरीं न्या. घरचीं माणसें देवाचे आभार मानून त्यास घरीं आणितात.

परंतु पुष्कळांची खरी परीक्षा येथूनच सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तो मनुष्य अंथरुणावर कूस बदलतो, तों सगळें घर त्याच्याभोंवतीं गरगर फिरूं लागतें. उजेड डोळ्यांत टोंचतो. भांडें पडल्याचा आवाज झाला कीं कपाळांत कळ येते. ओळखीच्या माणसाचें नांव ओठांवर येत नाहीं. विनाकारण रडूं कोसळतें. बायकोमुलांवर तो खेंकसतो, आणि मागाहून स्वतःच लाजतो. रात्रीं छाती धडधडूं लागते, आणि मनांत तेच तेच प्रश्न फिरत राहतात: डॉक्टरांच्या नजरेंतून कांहीं निसटलें तर नाहीं ना? मी वेडा तर होत नाहीं ना? मी पुन्हां पहिल्यासारखा होईन ना?

अशा मनुष्यास व त्याच्याजवळ बसणाऱ्यांस दोन गोष्टी ओळखतां याव्या, इतकाच या पाठाचा हेतु आहे. एक, ज्या लक्षणांस भिऊन तत्काळ धांवावें तीं लक्षणें. आणि दुसरी, जीं लक्षणें भय दाखवितात, परंतु बहुधा बऱ्या होत असलेल्या मेंदूचीं असतात तीं. या दोहोंची गफलत झाली तर दोन्ही बाजूंनीं नुकसान होतें. ज्यानें धांवावयाचें तो घरीं बसून राहतो, आणि ज्यानें उठावयाचें तो महिनोन्‌महिने अंथरूण धरून राहतो.

१. मेंदूस हादरा बसतो म्हणजे काय होतें

मेंदू हा अतिशय मऊ अवयव आहे. कवटीच्या आंत पाण्यासारखा एक पातळ द्रव असतो, व त्या द्रवांत मेंदू जणूं तरंगत असतो. बैलगाडींतून दह्याचें गाडगें नेत असतां चाक एकाएकीं खड्ड्यांत गेलें तर गाडगें फुटत नाहीं, परंतु आंतलें दहीं हालतें. तसेंच येथें होतें. कवटी शाबूत राहते आणि आंतला मेंदू हादरतो. यासच डॉक्टर लोक ‘कन्कशन’ म्हणतात. ही उपमा मात्र येथेंच सोडावी. कारण मोडलेलें दहीं पुन्हां लागत नाहीं, पण मेंदू हा जिवंत आहे, व तो आपली घडी पुन्हां बसवूं शकतो.

हा हादरा बसण्यास डोकें दगडावरच आपटलें पाहिजे असें नाहीं. मानेस जोराचा हिसका बसला तरीही तो बसूं शकतो. तसेंच असें झालेल्या बहुतेक माणसांची शुद्ध मुळींच जात नाहीं. यास्तव ‘तो बेशुद्ध पडला नाहीं, म्हणजे त्याला कांहीं झालें नाहीं’ असें जें आपण म्हणतों, तें बरोबर नव्हे.

आंत काय होतें तें आतां पाहूं. मेंदू हा असंख्य अतिसूक्ष्म पेशींचा बनलेला आहे, व त्यांचे बारीक तंतु एकमेकांस निरोप पोंचवितात. हादऱ्यानें हे तंतु ताणले जातात. पेशीच्या आंत असावयाचे क्षार बाहेर जातात, आणि बाहेर असावयाचे आंत शिरतात. ते पुन्हां जागच्या जागीं आणण्यास पेशीस फार मेहनत करावी लागते, व त्या मेहनतीस साखरेचें इंधन नेहमींपेक्षां अधिक लागतें. परंतु नेमक्या त्याच वेळीं मेंदूकडे जाणारा रक्ताचा पुरवठा कमी झालेला असतो. काम वाढलें आणि शिधा घटला, अशी त्याची अवस्था होते. म्हणून थोड्याशा बोलण्यानें, थोड्याशा उजेडानें तो थकतो.

ही ओढाताण सी.टी. स्कॅनमध्यें दिसत नाहीं. त्या यंत्रांत हाड मोडलेलें दिसतें, रक्त सांचलेलें दिसतें. पेशींची मेहनत दिसत नाहीं. तेव्हां ‘स्कॅन चांगला आहे’ हेंही खरें, आणि ‘मला त्रास होतो’ हेंही खरें. घरच्यांनीं दुखणाइतास ढोंगी म्हणूं नये, व दुखणाइतानें डॉक्टरांस खोटें म्हणूं नये.

लक्षणें उशिरांही दिसूं लागतात. आपल्यांतील क्रिकेट पाहणाऱ्या तरुणांस हें उदाहरण आठवेल. १७ ऑगस्ट २०१९ रोजीं लंडन येथील लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा एक उसळता चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, डाव्या कानाच्या खालीं, बसला. तो खालीं पडला, बाहेर गेला, तपासणी झाली, आणि तासाभराच्या आंत परत येऊन त्यानें आपला डाव ९२ धांवांपर्यंत नेला. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो उठला तो डोकें दुखत व जड झालेलें असें. तेव्हां त्यास खेळूं दिलें नाहीं, आणि मार्नस लाबुशेन हा त्याच्या जागीं आला. कसोटी सामन्यांत अशा कारणानें बदली खेळाडू येण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढचा सामनाही स्मिथ खेळला नाहीं. सप्टेंबरांत मँचेस्टर येथें तो परत आला, व त्यानें २११ धांवा केल्या. पहिल्या दिवशीं बरें वाटलें म्हणून आपण सुटलों असें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं वाईट वाटलें म्हणून आपण संपलों असेंही नाहीं, हें यावरून दिसून येईल.

२. ज्या लक्षणांस भिऊन धांवलेंच पाहिजे

पुढें दिलेलीं लक्षणें उपदेशक बंधूंनीं मंडळींत मोठ्यानें वाचून दाखवावीं, व जमल्यास कागदावर लिहून शाळेच्या भिंतीस लावावीं. डोक्यास मार लागलेल्या माणसांत यांपैकीं एक जरी दिसलें तरी रात्र असो वा पाऊस असो, थांबूं नये:

डोकेंदुखी सारखी वाढत जाणें;
पुन्हां पुन्हां वांति होणें;
अंगास आंचके येणें;
झांपड वाढत जाणें, किंवा हांक मारून व हालवूनही नीट जाग न येणें;
माणसें व ठिकाण न ओळखणें, असंबद्ध बोलणें, किंवा भ्रम वाढत जाणें;
एका बाजूचा हात अगर पाय लुळा पडणें, अगर बोबडी वळणें;
एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षां मोठी दिसणें, किंवा एकाचे दोन दिसणें;
नाकांतून अगर कानांतून रक्त किंवा स्वच्छ पाणी येणें;
मानेंत तीव्र वेदना होणें;
लहान मूल कांहीं केल्या रडण्याचें न थांबणें, किंवा अंगावर पिण्याचें टाकणें.

या लक्षणांचा अर्थ असा असूं शकतो कीं, कवटीच्या आंत रक्त सांचत आहे व तें मेंदूस दाबीत आहे. येथें तासांचाच नव्हे तर मिनिटांचाही हिशेब असतो. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां सरकारी रुग्णवाहिका येते. ती येईपर्यंत मानेस हिसका बसूं देऊं नये, बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये, व कानांतून कांहीं येत असल्यास कापूस कोंबूं नये.

कांहीं माणसांस वरील लक्षणें नसलीं तरी डॉक्टरांकडे नेलेंच पाहिजे. ज्याची शुद्ध थोडा वेळ जरी गेली होती तो, तान्हें मूल, वृद्ध मनुष्य, रक्त पातळ करण्याचें औषध घेणारा, आणि दारू प्यालेला. या शेवटल्याविषयीं आम्ही विशेष सांगतों. ‘प्यालेला आहे, पडूं द्या, सकाळीं उठेल’ असें म्हणून लोक निघून जातात. दारूची झांपड आणि मेंदूंतील रक्तस्रावाची झांपड बाहेरून सारखीच दिसते. आपण त्याच्या पिण्याचा न्याय करावयास बसूं नये. त्यास उचलून दवाखान्यांत न्यावें. वृद्धांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्यांच्या डोक्यांत रक्त कधीं कधीं फार हळू झिरपतें, आणि लहानशा मारानंतर कित्येक आठवड्यांनीं डोकेंदुखी, गोंधळ किंवा चालतांना तोल जाणें सुरू होतें. अशा वेळीं तो जुना मार डॉक्टरांस अवश्य सांगावा.

गांवांत कोणी पडलें कीं ‘त्या जागेवर बाधा आहे’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. मग भगतास बोलावणें जातें, लिंबू-नारळाचा उतारा होतो, आणि मनुष्य ओसरीवर तसाच पडून असतो. जर त्याच्या डोक्यांत रक्त सांचत असेल, तर त्यास वांचविण्याची वेळ नेमकी त्या उताऱ्यांत जाते. आणि जर सांचत नसेल, तर ‘तुला धरलें आहे’ हा शब्द त्याच्या मनांत कायमचा रुतून बसतो. दोन्ही परी त्याची हानीच होते.

३. जीं लक्षणें भय दाखवितात

आतां दुसऱ्या प्रकाराकडे वळूं. डॉक्टरांनीं तपासलें आहे, वरील यादींतील कांहीं नाहीं, आणि तरीही मनुष्य घाबरला आहे. त्याच्या एकेका तक्रारीचा अर्थ शांतपणें सांगितला तर अर्धें भय तेथेंच उतरतें.

कूस बदलतांना घर फिरतें. आपल्या कानाच्या आंतल्या भागांत तोल सांभाळण्याची एक योजना आहे, व तेथें चुनखडीचे अतिसूक्ष्म कण असतात. माराच्या धक्क्यानें ते कण जागा सोडून शेजारच्या नळींत जातात, आणि डोकें वळविलें कीं मेंदूस खोटा निरोप मिळतो कीं, आपण फिरत आहों. ही घेरी बहुधा एका मिनिटाच्या आंत थांबते. ती फार भयंकर वाटते, परंतु ती मेंदू नासल्याची खूण नव्हे. अमेरिकेंतील जॉन एप्ली या डॉक्टरांनीं डोकें एका विशिष्ट क्रमानें वळवून ते कण परत जागेवर आणण्याची रीत बसविली, व १९९२ मध्यें ती प्रसिद्ध केली. जाणता डॉक्टर ही क्रिया खाटेवर कांहीं मिनिटांत करतो. तीस शस्त्र लागत नाहीं. कानाच्या डॉक्टरांस याविषयीं विचारावें.

उजेड व आवाज सहन होत नाहीं. मेंदू एरवीं नको त्या आवाजास व उजेडास दारांतूनच परत पाठवीत असतो. थकलेला मेंदू तें दार नीट राखूं शकत नाहीं, म्हणून सगळेंच आंत शिरतें.

विसरावयास होतें. बहुतेक वेळां आठवण गेलेली नसते. ज्या क्षणीं ती बात सांगितली त्या क्षणीं लक्षच पुरलें नसतें. जें मनांत शिरलेंच नाहीं, तें आठवणार कसें?

रडूं येतें व राग येतो. मन आवरणें हेंही मेंदूचेंच काम आहे, आणि सध्यां तो थकलेला आहे. यांत मनुष्याचा स्वभाव बिघडला असें नाहीं, व त्याचा विश्वास उणा पडला असेंही नाहीं.

सगळें स्वप्नासारखें वाटतें. पुष्कळजण ही गोष्ट कोणास सांगतच नाहींत, कारण ‘लोक मला वेडा म्हणतील’ अशी त्यांस धास्ती असते. आपलेंच घर परकें वाटणें, आपलाच आवाज दुरून ऐकूं येणें, हें थकव्यानें व भीतीनें होतें, आणि तें ओसरतें. ज्यास आपण वेडे होत आहों अशी भीति वाटते, त्याचा विवेक जागाच असतो, म्हणून तर तो भितो.

मोठ्या माणसांपैकीं बहुतेक जण दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांच्या आंत बरे होतात. मुलें बहुधा चार आठवड्यांत. बरें होणें एका सरळ रेषेंत होत नाहीं. दोन दिवस चांगले जातात आणि तिसरा वाईट उगवतो. तो वाईट दिवस म्हणजे आजार परत उलटला असें समजूं नये. कालच्या दिवसाशीं आजची तुलना न करितां, मागल्या आठवड्याशीं या आठवड्याची करावी. थोड्या जणांस अधिक काळ लागतो. मोठ्या माणसास दोन-तीन आठवड्यांत कांहींच सुधारणा दिसली नाहीं, किंवा मुलास महिना उलटूनही त्रास राहिला, तर पुन्हां डॉक्टरांकडे जावें. डोकेंदुखी, घेरी, झोंप व मन या प्रत्येकावर उपचार आहेत.

४. भीति ही दुसरी इजा

पहिली इजा पडल्यानें होते. दुसरी भीतीनें होते, आणि कधीं कधीं दुसरी अधिक काळ टिकते. हें कसें घडतें तें पाहा. मनुष्यास किंचित घेरी येते. तो घाबरतो. घाबरला कीं श्वास जलद चालतो, व श्वासाबरोबर अंगांतील कर्बवायु प्रमाणाबाहेर निघून जातो. तो कमी झाला कीं मेंदूकडील रक्तवाहिन्या आंखडतात, ओठांस व बोटांस मुंग्या येतात, आणि घेरी वाढते. वाढलेली घेरी पाहून तो अधिक घाबरतो. याप्रमाणें घाण्याच्या बैलासारखा तो त्याच वाटेनें फिरत राहतो.

यावर एक साधा उपाय आहे. पाठ टेकून बसावें, पाय जमिनीस लावावे, चार मोजीपर्यंत नाकानें श्वास घ्यावा, आणि सहा मोजीपर्यंत हळू सोडावा. असें पांच मिनिटें करावें. सोडणें हें घेण्यापेक्षां लांब असावें, यांतच सारें आहे. डोळे मिटल्यानें घेरी वाढत असेल तर समोरच्या एका स्थिर वस्तूकडे, दाराच्या चौकटीकडे म्हणा, पाहात राहावें. आणि मनाशीं म्हणावें कीं, हें मला ठाऊक आहे, हें मागेंही आलें होतें व गेलें होतें.

अंगाचा हादरा आणि मनाचें भय यांचा वाद फार जुना आहे. १८६६ मध्यें इंग्लंडांतील शस्त्रवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनीं आगगाडीच्या अपघातांनंतर राहणाऱ्या अशाच तक्रारींवर पुस्तक लिहिलें, आणि त्या तक्रारी खऱ्या कीं पैशासाठीं, यावर न्यायालयांत भांडणें झालीं. १९१५ मध्यें, पहिलें महायुद्ध चालू असतां, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनीं तोफेचे गोळे जवळ फुटल्यानंतर आठवण व दृष्टि बिघडलेल्या तीन शिपायांची हकीकत छापली, तेव्हांही तोच प्रश्न उठला: हा मार शरीरास लागला कीं मनास? आजचें ज्ञान सांगतें कीं, हा प्रश्नच असा दोन तुकड्यांत विचारूं नये. शरीरास हादरा बसतो हें खरें, आणि भय त्या हादऱ्यास खतपाणी घालतें हेंही खरें.

याचें प्रमाण आहे. १९९२ मध्यें अमेरिकेंत वायली मिटेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं ज्यांस कधीं मार लागला नव्हता अशा लोकांस विचारलें, ‘तुमच्या डोक्यास मार लागला असता तर काय काय झालें असतें असें तुम्हांस वाटतें?’ त्यांनीं कल्पनेनें सांगितलेलीं लक्षणें खऱ्या रोग्यांच्या लक्षणांशीं पुष्कळ जुळलीं. आणि खरे रोगी अपघातापूर्वींच्या आपल्या डोकेंदुखीस व विसरभोळेपणास विसरून गेले होते. आतां होणारी प्रत्येक गोष्ट ते त्या अपघाताच्याच खात्यावर मांडीत होते. पुढें २००२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथील मानसशास्त्रज्ञ जेनी पॉन्सफर्ड व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलें कीं, मार लागल्यावर आठवड्याभरांत ज्यांस तपासून एक छोटी माहितीपुस्तिका दिली होती, त्यांस तीन महिन्यांनीं इतरांपेक्षां लक्षणें कमी राहिलीं, व मनावरील ताणही कमी राहिला. म्हणजे योग्य वेळीं मिळालेली खरी माहिती हेंच एक औषध ठरलें. उपदेशक बंधूंनो, तुमच्या हातीं दवाखाना नाहीं, परंतु हें औषध आहे.

५. विसांवा किती व काम किती

पूर्वीं असें समजत कीं, जितकें अंधारांत पडून राहावें तितकें बरें. आतां तसें समजत नाहींत. २०१५ मध्यें अमेरिकेंतील मिलवॉकी येथें ११ ते २२ वर्षें वयाच्या दुखणाइतांस दोन भागांत वांटून पाहिलें. कांहींस पांच दिवस कडक विश्रांति सांगितली, व कांहींस एक-दोन दिवस विश्रांति व मग हळूहळू काम. पांच दिवस पडून राहिलेल्यांनींच अधिक लक्षणें सांगितलीं, व तीं अधिक काळ राहिलीं.

शेतकऱ्यास हें विहिरीवरून समजेल. उन्हाळ्यांत विहिरीचा झरा मंद झाला असतां मोटार सारखी चालविली तर तळ लागतो व गाळ वर येतो. परंतु जी विहीर कोणी उपसतच नाहीं, तिचें पाणी नासतें व झरे बुजतात. शहाणा शेतकरी थोडें उपसतो, थांबतो, पाणी चढूं देतो, व पुन्हां उपसतो. मेंदूचेंही तसेंच आहे.

पहिले एक-दोन दिवस घरांत शांत राहावें. थोडें बोलावें, थोडें चालावें, मोबाईल शक्यतों बाजूस ठेवावा. तिसऱ्या दिवसापासून आंगणांत फिरावें, मग गल्लीच्या टोंकापर्यंत, मग शेताच्या बांधापर्यंत जावें. जेवण वेळेवर घ्यावें, पाणी पुरेसें प्यावें, झोंपेची व उठण्याची वेळ एक ठेवावी. काम करितांना त्रास किंचित वाढून तासाभरांत पूर्वपदावर आला तर भिण्याचें कारण नाहीं. पुष्कळ वाढला तर एक पायरी खालीं उतरावें, परंतु अंथरूण धरूं नये. मुलांनीं प्रथम अर्धा वेळ शाळेंत जावें. शिक्षकांनीं त्यांस फळ्याजवळ परंतु खिडकीच्या झगमगाटापासून दूर बसवावें.

दुसरा मार मात्र लागूं देऊं नये. पहिला हादरा बरा होण्यापूर्वीं दुसरा बसला तर धोका फार वाढतो, तरुणांत विशेषेंकरून. म्हणून डॉक्टरांनीं संमति देईपर्यंत झाडावर चढणें, विहिरींत उतरणें, कबड्डी व मोटारसायकल हीं वर्ज्य समजावीं. दारू मुळींच नको. झोंपेच्या गोळ्या मनानें घेऊं नयेत. पहिल्या दोन दिवसांत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन या गोळ्या टाळाव्या, कारण त्यांनीं रक्तस्राव वाढूं शकतो. डोकेंदुखीस पॅरासिटामोल डॉक्टरांनीं सांगितलेल्या प्रमाणांत पुरतें. पण जो मनुष्य मूळच्या दुखण्यासाठीं डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज अ‍ॅस्पिरिन घेतो, त्यानें ती आपल्या मनानें बंद न करितां डॉक्टरांस विचारावें.

‘डोक्यास मार लागलेल्यास झोंपूं देऊं नये’ हा समजही सोडावा. डॉक्टरांनीं तपासून घरीं पाठविलेल्या माणसास झोंप हितावहच आहे. पहिल्या रात्रीं कोणी तरी त्याच्या जवळ असावें, व त्याचा श्वास नेहमींसारखा चालला आहे कीं नाहीं तें पाहावें. शंका आल्यास हांक मारून त्यास जागें करावें.

६. घरच्यांनीं व मंडळीनें काय करावें

दुखणाइताचा समाचार घेणें ही आपली चांगली रीत आहे. परंतु दहा माणसें एकदम खोलींत शिरतात, मोठ्यानें बोलतात, आणि त्यांतील एक जण ‘अमक्या गांवीं असाच एक पडला होता, तो आठव्या दिवशीं गेला’ अशी गोष्ट सांगून उठतो. ती गोष्ट रात्रभर त्या खाटेजवळ बसून राहते. यास्तव एका वेळीं एक-दोघांनींच जावें, थोडा वेळ बसावें, हळू बोलावें, व मरणाच्या गोष्टी दाराबाहेर ठेवाव्या.

‘डोकें दुखतें का?’ असें घटकेघटकेस विचारूं नये. विचारलें कीं तो शोधूं लागतो, आणि शोधलें कीं सांपडतें. पहिला दिवस-दोन दिवस धोक्याच्या खुणांवर नजर ठेवावी. त्यानंतर दिवसांतून एकदां विचारणें पुरे. घरांतील एकानें वहींत दोन ओळी लिहाव्या: आज किती चालला, काल न झालेलें आज काय झालें. ही वही वाईट दिवशीं त्यास वाचून दाखवावी.

उपासनेंत टाळ व ढोलकी चालू असतां त्याच्या डोक्यांत कळ येत असेल, तर त्यास दाराजवळ बसूं द्यावें, व उठून बाहेर गेला तर कोणीं त्याजकडे वळून पाहूं नये. त्याचें शेत आडवें राहिलें असेल तर दोन दिवसांची औत-पाळी शेजाऱ्यांनीं वांटून घ्यावी. मजुरी बुडाल्याच्या चिंतेनें मनुष्य वेळेपूर्वींच शिडीवर चढतो व पुन्हां पडतो.

आणि भीति इतकी वाढली कीं झोंपच येत नाहीं, घराबाहेर पाऊल पडत नाहीं, किंवा जगण्यांत अर्थ नाहीं असें तो बोलूं लागला, तर तो बोल हलका समजूं नये. त्यास एकटें न ठेवतां डॉक्टरांस हें स्पष्ट सांगावें. सरकारनें २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्यासाठीं दूरध्वनीची विनामूल्य सोय केली आहे, व तेथें मराठींतही बोलतां येतें. हात मोडला तर आपण तो लपवीत नाहीं. मन थकलें तर तेंही लपवूं नये.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. शुद्ध गेली नाहीं तरी मेंदूस हादरा बसूं शकतो काय?
२. कोणतीं लक्षणें दिसल्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें? निदान सहा सांगा.
३. दारू प्यालेल्या माणसाच्या डोक्यास मार लागला असतां विशेष काळजी कां घ्यावी?
४. स्कॅन चांगला असूनही त्रास खरा असतो, हें कसें?
५. भीतीनें घेरी कशी वाढते, व श्वासानें ती कशी उतरते?
६. विहिरीच्या दृष्टांतावरून विश्रांति व काम यांविषयीं काय शिकावें?
७. आपल्या गांवांत सध्यां असा कोणी दुखणाईत आहे काय? या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल, व तेथें काय बोलेल?